गरोदरपणात अपेंडिक्सची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : निर्णय कसा घ्यावा, काय विचारावे, कोणती काळजी घ्यावी

गरोदर स्त्रीच्या अपेंडिक्सला सूज आली आहे आणि शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांच्या तोंडी बहुधा दोन प्रश्न येतात. बाळंतपण होईपर्यंत थांबता येणार नाही का, हा पहिला. आणि शस्त्रक्रिया करायचीच तर दुर्बिणीने केलेली बाळाला सोसेल का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असे असते. दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्या होकाराला काही अटी आहेत आणि त्या पाळल्या जात आहेत की नाही, हे रुग्णाला व तिच्या घरच्यांना नेमके प्रश्न विचारून समजून घेता येते.

दुखणे सुरू झाल्यावर

प्रसूतीशी संबंध नसलेल्या कारणासाठी गर्भारपणात ज्या तातडीच्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात, त्यांत अपेंडिक्सचा क्रमांक पहिला लागतो. साधारणपणे ५०० ते २,००० गर्भारपणांमागे एका स्त्रीला हा आजार होतो आणि दुसऱ्या तिमाहीत तो त्यातल्या त्यात अधिक आढळतो. अडचण अशी की मळमळ, उलटी, अन्नावरची वासना उडणे आणि पोट जड वाटणे ही अपेंडिक्सची लक्षणे गर्भारपणातही नेहमीचीच असतात, त्यामुळे रुग्ण, घरचे आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा पहिला दिवस ‘या दिवसांत असे होतेच’ म्हणून घालवतात. या आजारात तोच दिवस मोलाचा असतो.

म्हणून दुखण्याची चाल नीट पाहावी. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती मोघमपणे सुरू होते आणि काही तासांत उजव्या बाजूला येऊन एका जागी ठरते. खोकताना, चालताना, गाडीला धक्का बसल्यावर ते वाढते आणि मळमळ सहसा दुखणे सुरू झाल्यानंतर येते, आधी नव्हे. वाढत्या गर्भाशयामुळे अपेंडिक्स वर ढकलले जाते आणि म्हणून शेवटच्या महिन्यांत दुखणे बरगडीखाली जाणवते, ही समजूत १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या एका क्ष-किरण अभ्यासापासून रूढ आहे. तसे काही स्त्रियांमध्ये होतेही. परंतु कोणत्याही महिन्यात बहुसंख्य स्त्रियांना दुखते ते उजव्या बाजूला खालीच, हे नंतरच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले आहे. तेव्हा दुखणे खाली आहे म्हणून ते गर्भाशयाचेच असेल आणि वर आहे म्हणून पित्ताचेच असेल, असे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरतात.

असे दुखणे काही तासांत ओसरत नसेल, तर दुखणे कधी सुरू झाले ती वेळ आणि अंगातला ताप मोजून लिहून ठेवावा, खाणे-पिणे थांबवावे आणि रुग्णालय गाठावे. जुलाबाचे औषध, एनिमा आणि पोटावर गरम पाण्याची पिशवी हे तिन्ही उपाय टाळावेत. शक्य असेल तर असेच रुग्णालय निवडावे जिथे सर्जन, प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि सोनोग्राफी ही सारी सोय एकाच छपराखाली आहे. गर्भारपण सहा महिन्यांच्या पुढे गेले असेल तर नवजात अतिदक्षता विभाग कुठे आहे, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

निदान पक्के करून घेणे

उजव्या कुशीतल्या दुखण्याची इतर कारणे थोडीथोडकी नाहीत. गर्भाशयाला आधार देणाऱ्या बंधांवर ताण येणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, बीजकोषाला पीळ पडणे, पहिल्या तिमाहीत गर्भ नलिकेत रुजणे, पुढच्या महिन्यांत वार सुटणे किंवा मुदतीआधी कळा सुरू होणे, यांतील प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. म्हणूनच सर्जन एकट्याने नव्हे, तर प्रसूतितज्ज्ञांसह रुग्णाला तपासणे आवश्यक असते.

तपासणीतली एक जुनी, साधी रीत सांगण्यासारखी आहे. रुग्ण उताणी असताना सर्वांत जास्त दुखणारी जागा डॉक्टर बोटाने दाबून शोधतात आणि बोट तसेच ठेवून तिला डाव्या कुशीवर वळायला सांगतात. कूस बदलल्यावर गर्भाशय डावीकडे कलते. त्याच्याबरोबर दुखणेही सरकले तर ते गर्भाशयाचे असण्याचा संभव अधिक, आणि बोटाखालची जागा पूर्वीइतकीच दुखत राहिली तर कारण गर्भाशयाबाहेरचे. एवढ्यावर निदान ठरत नाही, पण यंत्राकडे जाण्यापूर्वी दिशा मिळते.

रक्ततपासणीचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. एरवी पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर गेल्या की संसर्गाची शंका घेतली जाते. गर्भारपणात त्या १६,००० पर्यंतही कोणत्याही आजाराविना असू शकतात आणि कळांच्या वेळी त्याहूनही वर जातात. त्यामुळे वाढलेला आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, तसेच ‘गरोदरपणात वाढतातच’ म्हणून तो बाजूला टाकणेही योग्य नाही. पहिली चाचणी सोनोग्राफीची असते. तिच्यात अपेंडिक्स दिसले नाही, याचा अर्थ ते निरोगी आहे असा होत नाही, कारण गर्भाशय मोठे झाल्यावर ते दिसणेच कठीण होते. अशा वेळी पुढची पायरी एमआरआयची. तो कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे चित्र ठळक दिसावे म्हणून देतात त्या औषधाच्या, इंजेक्शनाविना करता येतो आणि त्यात क्ष-किरणही नसतात. एमआरआय वेळेत उपलब्ध नसेल तर सीटी स्कॅनचा विचार होतो. त्याच्या नावानेच घरचे बिचकतात, पण ५० मिलिग्रेपेक्षा कमी किरणोत्साराने गर्भात व्यंग निर्माण होण्याचा किंवा गर्भपाताचा धोका वाढल्याचे दिसून आलेले नाही, आणि पोटाच्या एका स्कॅनमध्ये गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा सहसा त्या मर्यादेच्या आत असते. बाळाच्या काळजीपोटी एक आवश्यक तपासणी नाकारून अपेंडिक्स फुटू देणे हा फार महागडा सौदा आहे.

निदानावर एवढा भर देण्यामागे ठोस कारण आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेल्या ३,१३३ गरोदर स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात साध्या सुजेच्या शस्त्रक्रियेनंतर गर्भ दगावण्याचे प्रमाण सुमारे २ टक्के होते, गुंतागुंत झालेल्या आजारात ६ टक्के होते आणि शस्त्रक्रियेत काढलेले अपेंडिक्स निरोगीच निघाले अशा स्त्रियांत ते ४ टक्के होते. पोट दुखण्याचे खरे कारण दुसरेच असताना ते तसेच राहून जाणे, हे यामागचे एक कारण असावे. दुर्बीण घालून पाहू तरी, असा मोह सोपा आहे. वर दिलेला आकडा त्या मोहाला आवर घालतो. तपासण्यांसाठी काही तास देणे रास्त आहे, मात्र ते तास दिवसांत बदलू नयेत.

थांबण्याचा धोका

अपेंडिक्स फुटले की पू आणि जंतू पोटात पसरतात, आईला ताप येतो, रक्तदाब उतरतो, दाहामुळे गर्भाशय आकसू लागते आणि मुदतीआधी कळा येऊ शकतात. न फुटलेल्या अपेंडिक्समध्ये गर्भ दगावण्याचा धोका पाठ्यपुस्तकांत साधारण ३ ते ५ टक्के दिलेला असतो. फुटून संसर्ग पोटभर पसरल्यास तो २० टक्क्यांच्याही वर गेल्याचे अनेक अहवाल आहेत. अभ्यासागणिक हे आकडे कमीजास्त होतात, पण कोणत्याही अभ्यासात फुटलेले अपेंडिक्स न फुटलेल्यापेक्षा सुरक्षित आढळलेले नाही.

शस्त्रक्रिया न करता केवळ प्रतिजैविकांवर भागवता येईल का, असाही प्रश्न विचारला जातो, कारण गरोदर नसलेल्या रुग्णांत तो मार्ग आता स्वीकारला जाऊ लागला आहे. परंतु त्या मार्गाची पारख करणाऱ्या मोठ्या चाचणीत, ज्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, गरोदर स्त्रियांना मुळात घेतलेच नव्हते. केवळ औषधांवर ठेवलेल्या रुग्णांत आजार उलटण्याचे प्रमाणही लक्षणीय असते, आणि तो उलटण्याची वेळ आठव्या महिन्यात आली तर परिस्थिती आजच्यापेक्षा अवघड असेल. म्हणून गर्भारपणात शस्त्रक्रिया हाच प्रमाण उपचार मानला जातो. तिमाही बदलण्याची वाट पाहण्याचा सल्ला, म्हणजे पहिले तीन महिने जाऊ द्यावेत असे सांगणे, पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रियांना लागू पडतो. सुजलेल्या अपेंडिक्सला नाही.

दुर्बीण की चीर

दुर्बिणीने अपेंडिक्स काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९८० साली जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम यांनी केली आणि ते सर्जन नव्हे, तर स्त्रीरोगतज्ज्ञ होते. असे असूनही पुढची अनेक वर्षे गर्भारपणात दुर्बीण वापरू नये असेच शिकवले जाई. त्यामागच्या शंका निराधार नव्हत्या : पोटात घातलेल्या सुईने किंवा दुर्बीण आत नेणाऱ्या नळीने गर्भाशयाला इजा होईल, पोट वायूने फुगवल्यावर गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी होईल आणि तो वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचेल. या तिन्ही शंकांना आजच्या पद्धतीत उत्तर आहे आणि ते पुढे येईलच.

अनुभव वाढला तसे मत बदलले. अमेरिकेतील पचनसंस्था व दुर्बीण शल्यचिकित्सकांची ‘सेजेस’ ही संघटना आपल्या मार्गदर्शक सूचनांत गर्भारपणाच्या कोणत्याही तिमाहीत दुर्बिणीद्वारे अपेंडिक्स काढणे सुरक्षित असल्याचे सांगते. तरीही एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दुर्बिणीच्या गटात गर्भ दगावण्याचा धोका उघड्या शस्त्रक्रियेच्या जवळजवळ दुप्पट दिसला होता. तो निष्कर्ष मुख्यतः वर उल्लेखिलेल्या कॅलिफोर्नियाच्या जुन्या नोंदींच्या वजनामुळे आला होता. २०१९ च्या एका विश्लेषणात त्या नोंदी वगळल्यावर दोन्ही पद्धतींतला फरक सांख्यिकीदृष्ट्या ठळक राहिला नाही. शिवाय या विषयावर गरोदर स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलेल्या मोठ्या चाचण्या नाहीत. जे आहे ते मागे वळून पाहिलेल्या नोंदींतून आलेले आहे. माझ्या मते याचा प्रामाणिक अर्थ असा, की अनुभवी हातांत दुर्बीण ही उघड्या शस्त्रक्रियेइतकी सुरक्षित आहे असे मानायला पुरेसा आधार आहे, पण ‘बाळाला काहीच धोका नाही’ असे कोणत्याही पद्धतीबद्दल कुणी सांगत असेल तर ते मानू नये.

दुर्बिणीचे फायदे मुख्यतः आईच्या पदरात पडतात. जखम लहान असते, दुखणे कमी असते, त्यामुळे गुंगी आणणारी वेदनाशामके कमी लागतात, रुग्ण लवकर उठून चालू लागते आणि जखमेत पू होण्याचे प्रमाणही कमी असते. शिवाय अपेंडिक्स वर सरकलेले असले तरी ते शोधता येते आणि दुखण्याचे कारण बीजकोषात निघाले तर तेही तिथेच दिसते. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत हे फायदे स्पष्ट असतात. शेवटच्या दोन महिन्यांत मात्र पोटात हत्यारे फिरवायला जागाच अपुरी उरते आणि तेव्हा सर्जनने उघड्या शस्त्रक्रियेचा पर्याय निवडला तर तो मागासलेपणा नव्हे. ज्या सर्जनला गरोदर स्त्रियांवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया करण्याचा सराव नाही, त्याने उघडी शस्त्रक्रिया सफाईने करणे केव्हाही अधिक चांगले.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

सर्जनला विचारावे की त्यांनी गरोदर रुग्णांवर ही शस्त्रक्रिया पूर्वी केली आहे का, पहिली नळी पोटात कोणत्या पद्धतीने आणि कुठे घालणार, आणि दुर्बिणीने जमले नाही तर चीर देण्याची तयारी आहे का. प्रसूतितज्ज्ञांना विचारावे की बाळाचे ठोके कधी तपासले जातील आणि कळा सुरू झाल्या तर योजना काय आहे. गर्भारपण २४ आठवड्यांच्या पुढचे असेल, तर मुदतीआधी जन्म झाल्यास बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने द्यावीत का, हाही प्रश्न असतो. आईच्या अंगात संसर्ग असताना त्याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो आणि तो प्रसूतितज्ज्ञांवर सोडावा.

भुलीविषयीची भीती सर्वाधिक असते. अमेरिकन प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेल्या मतानुसार, आज वापरात असलेल्या भुलीच्या औषधांनी नेहमीच्या मात्रेत, गर्भारपणाच्या कोणत्याही आठवड्यात, माणसाच्या गर्भात व्यंग निर्माण झाल्याचे आढळलेले नाही. आणि आवश्यक शस्त्रक्रिया गर्भारपणाच्या कारणावरून कधीही नाकारू नये, असेही त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत दिल्या जाणाऱ्या भुलीविषयी बाळाच्या मेंदूच्या वाढीच्या अनुषंगाने इशारा दिला होता. तो तीन तासांहून लांबलेल्या किंवा पुन्हापुन्हा दिलेल्या भुलीबद्दल आहे, आणि गुंतागुंत नसलेली अपेंडिक्सची शस्त्रक्रिया त्याहून बऱ्याच कमी वेळात आटोपते. रुग्णाने भूलतज्ज्ञांना शेवटचे कधी आणि काय खाल्ले ते खरे सांगावे, कारण गर्भारपणात जठरातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका वाढलेला असतो.

शस्त्रक्रियागृहात काय घडायला हवे

विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत पोहोचलेले असते. त्या सुमारापासून स्त्री उताणी झोपली की त्याचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, रक्तदाब उतरतो आणि वारेकडे जाणारा पुरवठाही घटतो. म्हणून टेबल डावीकडे कलते करतात किंवा उजव्या कुशीखाली उशी देतात. ही इतकी साधी गोष्ट आहे, पण बाळाच्या दृष्टीने महागड्या यंत्राइतकीच तिची किंमत आहे.

पहिली नळी घालताना सर्जन गर्भाशयाचा वरचा काठ हाताने चाचपून त्याच्या काही सेंटिमीटर वर जागा निवडतात. बरेच जण लहान छेद घेऊन, थर डोळ्यांनी पाहत आत शिरणे पसंत करतात, म्हणजे सुई आंधळेपणाने आत जात नाही. पुढच्या नळ्या कॅमेऱ्यात बघत घातल्या जातात. पोट फुगवण्याचा दाब पाऱ्याच्या १० ते १५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात, आणि काम भागत असेल तितका तो खालच्या बाजूला राखणे चांगले. खोकताना क्षणभर यापेक्षा बराच अधिक दाब पोटात तयार होतो, असे काही जण आश्वासन म्हणून सांगतात. ते खरे आहे, पण क्षणभराचा दाब आणि पाऊण तास टिकणारा दाब एकसारखे नसतात, म्हणून मर्यादा पाळायचीच.

कार्बन डायऑक्साइडची बाब भूलतज्ज्ञांच्या हाती असते. एरवी रक्तातील या वायूचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. गर्भारपणात आई थोडा जोरात श्वास घेत असल्यामुळे तो ३० ते ३२ पर्यंत उतरलेला असतो, आणि या उतारामुळेच बाळाच्या रक्तातला वायू वारेतून आईकडे वाहून येतो. शस्त्रक्रियेत बाहेरून भरलेला वायू आईच्या रक्तात शोषला जाऊन हा उतार नाहीसा होऊ नये, यासाठी बाहेर सोडलेल्या प्रत्येक श्वासातील प्रमाण पडद्यावर पाहून श्वासयंत्राचा वेग जुळवला जातो.

बाळाचे ठोके शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तपासणे ही किमान अपेक्षा आहे. बाळ बाहेर जगू शकेल इतक्या दिवसांचे असेल तर त्याबरोबर कळांचीही नोंद घेतात. कळा थांबवणारी औषधे सगळ्यांना सरसकट देण्याचा उपयोग होत नाही. कळा आल्याच तर ती दिली जातात. गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, म्हणून पायांना दाब देणाऱ्या पट्ट्या आणि लवकर चालणे हे उपाय ठरलेले आहेत. धोका अधिक असल्यास हेपॅरिनची इंजेक्शने देतात.

शस्त्रक्रियेनंतर

पहिल्या एक-दोन दिवसांत उजव्या खांद्यात दुखले तर दचकू नये. पोटात उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चाळवले जाते आणि ते दुखणे खांद्यात जाणवते. दुखण्यावर पॅरासिटामॉल हे पहिले औषध. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळाव्यात, कारण त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकुंचन पावू शकते. घरात आधीपासून असलेली वेदनाशामक गोळी म्हणूनच विचारल्याशिवाय घेऊ नये. प्रतिजैविके लिहून दिली असतील तर ती पूर्ण घ्यावीत. सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे आणि मेट्रोनिडॅझोल गर्भारपणात वापरली जातात, टेट्रासायक्लिन मात्र टाळतात. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथताना टाक्यांवर ताण येतो. लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या नसतील, तर खाणे सुरू होताच पुन्हा चालू कराव्यात.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला आठवडा मुदतीआधी कळा येण्याच्या दृष्टीने सर्वांत जपण्याचा असतो. ठरावीक अंतराने पोट घट्ट होणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी जाणवणे, ताप येणे, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे किंवा अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. पोट पुढे वाढणारच आहे, त्यामुळे छेदांच्या जागी थोडे ओढल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. तिथे लाली, पाझर किंवा फुगवटा दिसला तर मात्र दाखवावे.

या शस्त्रक्रियेमुळे पुढे सिझेरियनच करावे लागेल, ही समजूत चुकीची आहे. दुर्बिणीचे छेद भरून आल्यावर ते नैसर्गिक प्रसूतीच्या आड येत नाहीत आणि सिझेरियनचा निर्णय प्रसूतीशी संबंधित कारणांवरच होतो. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचा प्रकार, दिलेली औषधे आणि बाळाच्या ठोक्यांची नोंद आहे ना, ते पाहून घ्यावे. अपेंडिक्सच्या तुकड्याचा पॅथॉलॉजी अहवाल काही दिवसांनी येतो, तो आठवणीने मागून घ्यावा आणि दोन्ही कागद गर्भारपणाच्या फाइलीत लावून पुढच्या तपासणीच्या वेळी प्रसूतितज्ज्ञांना दाखवावेत.